स्वतःचंच रक्त आधी काढून ठेवायचं? कुणी केलंय का?

वेणू_चिपळूण
वय ५३, डावा खुबा बदलायचाय. जन्मभर मी ओ पॉझिटिव्ह, दोन्ही बाळंतपणांच्या फायलींवरही तेच. यावेळी क्रॉसमॅचला (दात्याचं रक्त माझ्या रक्ताशी जुळतं का, ती तपासणी) ओ च्या चार पिशव्या लावून पाहिल्या, एकही जुळेना. टेक्निशियन पोराने नळीच हातात दिली: माझ्या सीरममध्ये ओ च्या पेशी घातल्या होत्या, तर नासलेल्या दुधासारखे कण! पुढच्या तपासणीत निघाला बॉम्बे ब्लड ग्रुप: साध्या तपासणीत ओ च दिसतो, पण दुर्मिळ, आणि ओ चंही रक्त चालत नाही, बॉम्बेवाल्याचंच लागतं.

डॉक्टर म्हणतात, आठवड्याच्या अंतराने स्वतःच्याच दोन पिशव्या देऊन ठेवा. हिमोग्लोबिन ११.८. सासूबाई विचारतात, "तिचंच काढून तिलाच घालायचं, तर मुळात काढायचंच कशाला?" हसू नका, मलाही उत्तर सुचलं नाही.

तांबडी_पेशी
रक्तपेढीत २२ वर्षं काढलीत, म्हणून लिहितो. सासूबाईंना विहीर दाखवा. चार घागरी काढून टाकीत भरल्या तरी झरा विहीर पुन्हा भरतोच. रक्तातला पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत भरून येतो, पेशींना मात्र काही आठवडे लागतात. म्हणून लोहाच्या गोळ्या आत्तापासूनच.

पण ११.८ वर आठवड्यात दुसरी पिशवी मला अवघड वाटते. पहिलीनंतर साधारण एकाने उतरतं, आणि ११ च्या खाली घेत नाहीत. अंतर वाढवता येईल का, डॉक्टरांना विचाराच. शेवटची पिशवी ऑपरेशनच्या निदान ७२ तास आधी. पिशवीत सीपीडीए-१ (रक्त गोठू न देणारं, टिकवणारं द्रावण) असेल तर ३५ दिवस टिकते.

आणि स्वतःचंच आहे म्हणून गाफील राहू नका. पिशवीवरचं नाव, नंबर, सही घरच्या माणसाला वाचायला लावा.

गुहागरकर
वरच्या ३५ दिवसांचा चटका आम्हाला बसलाय. बाबांच्या दोन पिशव्या तयार, आणि आदल्या रात्री त्यांना ताप. पुढची तारीख दीड महिन्याने. दोन्ही पिशव्या फेकल्या. "दुसऱ्या कुणाला तरी द्या" म्हटलं, तर नाही म्हणाले. रुग्ण हा नेहमीच्या रक्तदात्याच्या निकषांत बसतोच असं नाही. तेव्हा तारखेआधी आठवडाभर लग्न-मुंजी बंद.

तांबडी_पेशी
एक राहिलं. सख्ख्या भावंडांची तपासणी करा, प्रत्येकाचा हाच गट असण्याची चारात एक शक्यता असते. आईवडील नात्यातले होते का? हा गट १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत शोधला. शहराचं नाव बदललं, गटाचं नाही.

वेणू_चिपळूण
हो, आई बाबांच्या सख्ख्या मामाची मुलगी. ताई तपासून आली, साधी ए. धाकटा सुईचं नाव काढलं की बागेत जातो आणि फोन घरी विसरतो. त्याला रविवारी गाठते. पहिली पिशवी मंगळवारी, दुसरी तीन आठवड्यांनी ठरली.

सासूबाईंना विहीर पटली. आता विचारतायत, टाकीचं भाडं किती?