एच-६१ बोर्डवर 'के' प्रोसेसर घेऊन उपयोग नाही

इंटेलचा आय-३ २१०० प्रोसेसर काढून त्याच एच-६१ मदरबोर्डवर आय-५ २५००के ('के' म्हणजे मल्टिप्लायर खुला असलेला) बसवला तर ओव्हरक्लॉक होईल का, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जोरात चालवता येईल का, असं एकाने विचारलंय. प्रोसेसर चालेल, पण मल्टिप्लायर, म्हणजे बेस क्लॉकला (मूळ ठोक्याला) ज्या आकड्याने गुणून वेग ठरतो तो, वाढणार नाही. त्यासाठी पी-६७, झेड-६८ किंवा झेड-७७ बोर्ड हवा. 'के'चे जादा पैसे वाचवा आणि जुना आय-७ ३७७० शोधा: ४ कोर, ८ थ्रेड (एका वेळी आठ कामं), ७७ वॉट. तो आयव्ही ब्रिजचा, म्हणजे २१०० नंतरच्या पिढीचा आहे, म्हणून २१०० बोर्डवर असतानाच बायोस (बोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट करा. त्याआधी प्रोसेसर बदललात तर स्क्रीन काळीच राहू शकते. बदलताना सॉकेटच्या (प्रोसेसर बसतो त्या जागेच्या) पिना फार जपा. एक वाकली तरी रॅमचा एखादा स्लॉट दिसेनासा होऊ शकतो. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली थर्मल पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी पुरे.

झेड बोर्ड स्वस्तात मिळालाच तर २५००केचा मल्टिप्लायर ३३ वरून एकेक करत ४० पर्यंत न्या, व्होल्टेज १.३ व्होल्टच्या आत ठेवा. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झवरून हलवू नका, त्यासोबत साटाही (डिस्कची जोडणी) ओढला जातो आणि डिस्कवरचा डेटा बिघडू शकतो. आणि चाचणी नाशिकच्या मे महिन्यातल्या दुपारी घ्या, जानेवारीच्या थंडीत नको. प्रोसेसरचं तापमान ८० अंशांवर गेलं की मल्टिप्लायर एकने उतरवा.