बालवर्गाला महागडी लाकडी साधनं हवीतच का? (नाशिकचे पालक, बोला!)

गोदाकाठची: लेकीसाठी गंगापूर रोडला बालवर्ग बघत फिरतेय. एका शाळेत मॉन्टेसरी पद्धतीची साधनं, म्हणजे ठोकळ्यांचा गुलाबी मनोरा, दट्टापेटी (मूठ असलेले लाकडी दट्टे खाचांत बसवायची), मोजायचे सोनेरी मणी, सगळं काचेच्या कपाटात, नुसतं शोरूम! फी जास्त का तर म्हणे साधनांमुळे. मुलं हात कधी लावतात विचारलं तर शुक्रवारी, अ‍ॅक्टिव्हिटीच्या तासाला 😐 त्यापेक्षा भांडीबाजारातून वाट्या-डबे आणून द्या ना. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ ला बोर्डीत बालवाडी काढली तेव्हाही भर आसपास मिळणाऱ्या स्वस्त वस्तूंवरच होता.

सिडकोची टीचर: कपाटाला कुलूप लावणं चूकच, मॉन्टेसरीत मांडणी उघडी असते, मुलाचा हात पोचेल एवढी. पण वाट्या-डबे म्हणजे तेच, हे नाही पटत. दट्टापेटीत प्रत्येक दट्टा आपल्याच खाचेत नीट बसतो, एक चुकला की शेवटी गाडी अडते आणि बाईंनी तोंड उघडायच्या आत पोराला कळतं. मनोऱ्याचे १० ठोकळे, सगळ्यात छोटा १ सेंमीचा, मोठा १० सेंमीचा, रंग मात्र एकच, म्हणजे लक्ष फक्त लहानमोठ्यावर. उगाच नाही बनवलंय ते.

गोदाकाठची: टीचर, एकात एक बसणारे स्टीलचे डबे क्रम चुकला तर बसतात का? चूक तिथेही कळते, फुकटात.

पंचवटीकर बाबा: डबे घ्या नाहीतर पेट्या, लिहायचं कधी?? आमचा मोठ्या शिशूत आहे, खरखरीत अक्षरांवर बोट फिरवतो आणि घरी येतो. पहिलीत गेल्यावर बाई विचारणार ना.

सिडकोची टीचर: दादा, दट्ट्याची बारकी मूठ तीन बोटांत धरतात, पेन्सिलही तशीच धरायची असते. बोटं तयार नसताना वही दिली की पोरं मूठ आवळून गिरवतात, मग ती सवय मोडायला आम्हीच.

दिंडोरीची सेविका: तुमचं चालू द्या 😄 माझ्या अंगणवाडीत ३ ते ६ ची सगळी एकाच खोलीत, द्राक्षाच्या सीझनला मजुरांची पोरं येतात आणि छाटणीनंतर जातात. एक दट्टा हरवला की अख्खी पेटी बाद, बाटलीची दहा झाकणं गेली तरी काम अडत नाही. पण फुकटातलं म्हणजे सोपं असंही नाही हां गोदाताई, चिंचोके नाकात घालतात, म्हणून मोजून द्यायचे मोजून घ्यायचे, बारक्यांना तर द्यायचेच नाहीत. आणि बाईने बाजूला बसायला पाहिजे, ते ना पेटीसोबत मिळतं ना डब्यासोबत.

पंचवटीकर बाबा: सरकारनेच २०२३ ला जादुई पिटारा काढला ना, ३ ते ८ वर्षांसाठी, खेळणी, कोडी, बाहुल्या घालून? मग शाळा वेगळे पैसे कसले घेतात.

गोदाकाठची: तीन बोटांचं पटलं टीचर, डब्यांना मुठी नसतात. शुक्रवारवाली शाळा मात्र कॅन्सल. इंदिरानगर साइडला उघड्या मांडणीची माहितीये का कुणाला?

सिडकोची टीचर: आहे एक. पण फी ऐकून परत इथेच भांडायला याल.