रीजनल ते नॅशनल्स : मधले आठ दिवस आणि पाचवा धावपटू

चढउतार (धागाकर्ता)

एनसीएए (अमेरिकन कॉलेज क्रीडास्पर्धांची संघटना) डिव्हिजन १, पुरुषांचा क्रॉस कंट्री (गवत-मातीवरच्या लांब शर्यतीचा) संघ. कॉन्फरन्स मीट, म्हणजे आमच्या कॉलेजगटाची स्पर्धा, उरकली आहे. आता शुक्रवारी रीजनल (विभागीय पात्रता शर्यत), आणि तिथून पार पडलो तर पुढच्या शनिवारी नॅशनल्स. मध्ये जेमतेम आठ दिवस. हंगामभर मुलं ८ किलोमीटर धावली आहेत, आणि आता आठवड्याच्या अंतराने दोनदा १० किलोमीटर.

कॉन्फरन्सच्या ८ किलोमीटरमधल्या वेळा : पहिला २३:२०, दुसरा ते चौथा २३:४४ ते २३:५६ मध्ये, पाचवा २४:२२, सहावा २४:३४, सातवा २४:५०. रीजनलला दुसरा किंवा तिसरा क्रमांक येईल असा अंदाज आहे.

प्रश्न असे :
१) पहिल्या धावपटूला रीजनलला बसवून ताजं ठेवावं का? मोठे संघ सर्रास ठेवतात.
२) मधल्या आठवड्यात एखादा वर्कआउट घ्यावा की नुसतं हलकं पळावं?
३) स्पाइक्स (खिळ्यांचे बूट), स्टार्ट वगैरेंबाबत नॅशनल्सला वेगळं काय सांभाळावं लागतं?

---

बेरीज_पंधरा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर भावनेवर देऊ नका, कागदावर बेरीज करा. सात धावतात, पहिल्या पाचांचे क्रमांक म्हणजेच गुण, आणि ज्याची बेरीज कमी तो संघ पुढे.

तुमच्या रीजनमधून पहिले दोन संघ थेट जातात. नऊ रीजन, म्हणजे १८ संघ. उरलेल्या १३ जागा अॅट-लार्ज (थेट पात्र न ठरलेल्यांतून निवडून दिलेल्या), आणि त्या देताना हंगामात तुम्ही कोणत्या पात्र संघांना हरवलंत याला वजन असतं. म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या मोठ्या मीट्समध्ये कमाई झाली असेल तर तिसरा क्रमांक परवडतो. ती नसेल तर तिसरं येणं म्हणजे हंगाम तिथेच संपणं.

आता समजा रीजनलला तुमचे क्रमांक ३, १४, १६, १९, ३८ आणि सहावा ५३. बेरीज ९०. पहिल्याला बसवलं की बाकीचे एकेक जागा वर सरकतात : १३, १५, १८, ३७, ५२. बेरीज १३५. एका माणसाचे ४५ गुण. मागच्या संघाची बेरीज १२० अपेक्षित असेल तर तुमचा माणूस गाळल्यावर त्यांचेही पाचजण एकेक जागा वर येऊन ती ११५ होते. तुम्ही मागे पडलात. हेच त्यांची अपेक्षित बेरीज १७० असेल तर खुशाल बसवा. मोठे संघ बसवतात कारण त्यांचा सहावा-सातवा इतरांच्या तिसऱ्याच्या तोडीचा असतो. तुमचा सहावा पहिल्यापेक्षा ८ किलोमीटरला ७४ सेकंद मागे आहे.

पण तुमच्या आकड्यांत मला पहिल्यापेक्षा पाचवा जास्त खुपतोय. चौथा आणि पाचवा यांच्यात २६ सेकंद, १० किलोमीटरला ते ३२-३३ होतील. रीजनलमध्ये तेवढ्या फटीत वीसेक जण मावतात. नॅशनल्सला २५५ धावपटू असतात आणि मधल्या घोळक्यात दर सेकंदाला दोन-तीन जण रेषा ओलांडतात. तीच फट तिथे ७०-८० गुणांची होते. पहिल्याने पाच सेकंद वाचवले तर दोन-तीन गुण सुधारतात, पाचव्याने वाचवले तर दहा-बारा. म्हणून रीजनलचा निकाल पाहून 'आपण त्यांना १५ गुणांनी हरवलं' असं धरून चालू नका. समोरचे धावपटू बदलले की त्याच वेळांची बेरीज वेगळी येते.

आणि एकेक गुण खरोखर लागतो. २०२३ मध्ये शार्लट्सव्हिलला महिलांचं विजेतेपद नॉर्थ कॅरोलायना स्टेटने १२३ विरुद्ध १२४ असं नेलं, समोर नॉर्दर्न अॅरिझोना. त्याआधी २०२२ मध्ये स्टिलवॉटरला पुरुषांत नॉर्दर्न अॅरिझोना आणि ओक्लाहोमा स्टेट दोघांचे ८३. तिथे पहिल्यासमोर पहिला, दुसऱ्यासमोर दुसरा असं पाचही जणांना तोलून नॉर्दर्न अॅरिझोनाला विजेता ठरवलं.

सहावा-सातवाही शोभेचे नाहीत. त्यांचे क्रमांक तुमच्या बेरजेत येत नाहीत, पण प्रतिस्पर्ध्याच्या पाचव्याच्या पुढे आले तर त्याच्या बेरजेत एकेक गुण वाढवतात. हे त्यांना शर्यतीआधी स्पष्ट सांगा. शेवटच्या दोन किलोमीटरला 'माझे गुण धरत नाहीत' असं डोक्यात आलं की पोरगं ढिलं पडतं.

---

मंगळवार_सकाळ

गुणांचं वरच्यांनी नीट मांडलंय. मी दुसऱ्या प्रश्नापुरतं लिहितो.

नुसतं हलकं पळू नका. टेपरमध्ये (शर्यतीआधी सराव कमी करण्याच्या काळात) किलोमीटर कमी करायचे असतात, वेग आणि दिवसांची संख्या जवळपास तीच ठेवायची. किलोमीटरबरोबर वेगही काढून टाकला की पाचव्या-सहाव्या दिवशी पाय जड वाटतात, आणि मुलं घाबरून शुक्रवारी स्वतःची परीक्षा घ्यायला जातात. आठवड्याला १४० किलोमीटर पळणारा असेल तर रीजनलच्या आठवड्यात ११०, नॅशनल्सच्या आठवड्यात ८५, शर्यत धरून.

शुक्रवारी रीजनल झाल्यावर :

शनिवार – ४५ ते ५० मिनिटं अगदी सावकाश, शक्यतो गवतावर. कोर्सवर उतार जास्त असतील तर मांड्या दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी जास्त बोलतात. तेव्हा शनिवारी बरं वाटतंय म्हणून वाढवू नका.
रविवार – लांबची धाव, पण नेहमीच्या १०० मिनिटांऐवजी ७५. दुखत असेल त्याला ५० पुरे.
सोमवार – ५० मिनिटं, शेवटी १०० मीटरच्या ६ स्ट्राइड्स (वेग वाढवत नेलेल्या छोट्या धावा).
मंगळवार – खरा वर्कआउट हाच. ४ × १ किलोमीटर १० किलोमीटरच्या शर्यतीच्या वेगाने, मध्ये ९० सेकंद जॉग. मग ४ × २०० मीटर थोडे चपळ, पूर्ण विश्रांती घेत. शेवटचा किलोमीटर संपल्यावर 'अजून दोन झाले असते' असं वाटलं पाहिजे. स्पाइक्स घालूनच घ्या.
बुधवार – ४५ मिनिटं.
गुरुवार – प्रवास. पोचल्यावर ३० मिनिटं, पाय मोकळे करण्यापुरती.
शुक्रवार – कोर्स पाहणं, २५ मिनिटं आणि ४ स्ट्राइड्स.

चुका बहुतेक वेळा तीनच ठिकाणी होतात. रीजनल मनासारखी झाली नाही म्हणून सोमवारीच जोरदार वर्कआउट घेणं. जिममध्ये जड स्क्वॉट्स आणि लंजेस चालू ठेवणं. वजनं शेवटचे आठ दिवस बंद, हलके ड्रिल्स ठेवा. आणि तिसरी, जी कुणाच्या लक्षात येत नाही : रीजनलला ज्याला बसवलं त्याचं काय? त्याला रीजनलच्या शुक्रवारी २० मिनिटांचा टेम्पो (सलग दमदार वेगाची धाव) आणि वर ३ × १ किलोमीटर द्या. नाहीतर कॉन्फरन्सनंतर तीन आठवडे तो जोरात पळालेलाच नसतो. ताजा राहत नाही, गंजतो.

फेरिटिनची (रक्तातून कळणाऱ्या लोहाच्या साठ्याची) आठवण आता होत असेल तर उशीर झालाय. लोहाच्या गोळ्यांना साठा भरायला आठवडे लागतात, शेवटच्या आठवड्यात त्या फक्त पोट बिघडवतील. ती तपासणी ऑगस्टमध्ये आणि परत ऑक्टोबरच्या सुरुवातीला.

---

चढउतार

@बेरीज_पंधरा, आमच्या बाबतीत मागच्या संघाशी फरक २५-३० गुणांचा असेल असं दिसतंय. म्हणजे पहिला धावणार हे ठरलं. पण त्याला पूर्ण जोर लावू द्यावा का? आणि पाचव्याची फट आठ दिवसांत कशी भरणार?

---

कच्ची_वाट

आठ दिवसांत पाचव्याची ताकद वाढत नाही. त्याची शर्यत वाटण्याची पद्धत मात्र बदलता येते.

पहिल्याला रीजनलला पहिल्या घोळक्यात राहू द्या, पण शेवटच्या ४०० मीटरची चढाओढ टाळायला सांगा. तिसरा आला काय नि सहावा आला काय, तीन गुणांचा प्रश्न. त्या शेवटच्या धडपडीची किंमत मात्र पुढचे दोन-तीन दिवस मोजावी लागते.

पाचव्यासाठी रीजनल ही १० किलोमीटरची तालीम समजा. ८ किलोमीटरच्या सवयीने मुलं पहिले ३ किलोमीटर त्याच वेगाने जातात आणि ७ व्या किलोमीटरला कोसळतात. त्याचं उद्दिष्ट ३:०५ प्रति किलोमीटर असेल तर पहिला किलोमीटर ३:०० च्या आत नको. त्याला चौथ्याच्या पाठीवर ५ किलोमीटरपर्यंत राहायला सांगण्याचा मोह होईल. सांगू नका. चौथा किलोमीटरला तीन सेकंदांनी वेगवान आहे, मागे लटकून गेला तर शेवटी तीसचे पन्नास सेकंद होतील. त्याला सहाव्याशी जोडा. दोघं बरोबर, किलोमीटर आलटून पालटून पुढे, ६ व्या किलोमीटरपर्यंत. तिथून मोकळे.

एक सावधगिरी मात्र. नॅशनल्सला पहिला किलोमीटर इतका राखून गेलात तर फसाल. २५५ जण एकाच रेषेवरून सुटतात आणि पहिल्या वळणाआधी जो २०० व्या जागी अडकला तो पुढचे दोन किलोमीटर कोपर मारत, बाजूने लांबचं अंतर कापत जातो. तिथे पहिले ४०० मीटर ठरवून जोरात, जागा मिळाली की लगेच उद्दिष्टाच्या वेगावर. रीजनलची शिस्त जशीच्या तशी उचलू नका.

---

बेरीज_पंधरा

मुद्दा मान्य. फक्त ते ४०० मीटर मंगळवारच्या वर्कआउटमध्ये एकदा करून घ्या : पहिला किलोमीटर जोरात सुरू करून ४०० नंतर सावरायचा. न करता सांगितलं तर पोरं ४०० चे १२०० करतात.

---

नऊ_मिलिमीटर

तिसरा प्रश्न राहिला.

खिळे : कडक कोरड्या गवताला ६ किंवा ९ मिलिमीटर, ओलसरला १२, चिखलाला १५. नोव्हेंबरच्या शेवटी हवामान एका रात्रीत फिरतं, म्हणून सगळ्या लांब्यांचे संच घेऊन जा, खिळे फिरवायच्या दोन किल्ल्या आणि वीसेक सुटे खिळे. घरून निघण्याआधी प्रत्येक खिळा एकदा काढून भोकातली माती टोकदार काडीने साफ करा आणि आट्यांना किंचित पेट्रोलियम जेली लावून परत बसवा. हे केलं नाही तर शनिवारी सकाळी खिळा गंजून बसलेला असतो, किल्लीने कडा झिजतात आणि मग तो पक्कडीशिवाय निघत नाही. पक्कडही न्या. कोर्सवर खडीचा किंवा डांबराचा पट्टा ओलांडायचा असेल तर लांब खिळा तिथे घसरतो. शुक्रवारी तो पट्टा पाहूनच लांबी ठरवा.

लेस : दुहेरी गाठ, टोकं आत खोचा, चिखल असेल तर वरून टेपचा एक फेरा. टेप घोट्याभोवती नको, बुटाभोवती. बिबला (छातीवरच्या क्रमांकाला) चारही कोपऱ्यांत पिना.

स्टार्टचा बॉक्स (रेषेवर संघाला आखून दिलेली जागा) अरुंद असतो, सातही जण पहिल्या ओळीत मावत नाहीत. पुढे कोण, मागे कोण हे शुक्रवारीच ठरवा. पहिले ५० मीटर चपळ असणारे पुढे, भले ते संघात सहावे असोत. शेवटच्या स्ट्राइड्स बॉक्समधूनच बाहेर घ्या, परत येताना पायाखाली खड्डा कुठे आहे ते बघत या. पहिल्या १०० मीटरमध्ये धक्क्याने कुणी पडलं तर शर्यत परत बोलावतात. दुसरी बंदूक ऐकू आली की थांबायचं, हे नवख्यांना सांगून ठेवा. आणि पडलेल्याने आधी उठायचं, मग बघायचं.

वॉर्म-अप बंदुकीच्या ५० मिनिटं आधी सुरू. १५ मिनिटं जॉग, ड्रिल्स, ट्रॅकसूट शेवटच्या आठ-दहा मिनिटांपर्यंत अंगावर. राखीव धावपटूंपैकी एकाला फक्त कपडे आणि पिशव्या सांभाळायचं काम द्या.