मदत हवी आहे: डिझेल गाडीचा फ्युएल प्रेशर सेन्सर खराब की वायरिंग?

नमस्कार मंडळी, मी इंदूरचा. माझी डिझेल गाडी (कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून, रेलमधून, डिझेल मिळतं) मानपूरच्या घाटात चढावर अचानक दम सोडते, चेक इंजिन लागतं. बंद करून पुन्हा चालू केली की ठीक. आई-बाबांना घेऊन महेश्वरला जायचंय, म्हणून जिवाला घोर लागलाय.

स्कॅनरवर कोड पी०१९३, म्हणजे रेल प्रेशर सेन्सरचा सिग्नल व्होल्टेज जास्त. गॅरेजवाले थेट हाय प्रेशर पंप बदला म्हणतात. मला ते पटत नाही. पंप कमजोर असता तर दाब कमी असल्याचा पी००८७ यायला हवा होता ना?

चावी ऑन, इंजिन बंद ठेवून मल्टिमीटरने पाहिलं: सप्लाय ५ व्होल्ट, सिग्नल साधारण ०.५. पण कनेक्टरजवळची वायर हलवली की सिग्नल ५ च्या जवळ उडी मारतो. ग्राउंड तुटत असेल का? की सेन्सरच्या आतच लूज आहे? नवा सेन्सर घेण्याआधी हे नक्की कसं ओळखायचं?

रेलला मी हात लावणार नाही, चालू इंजिनात तिथे हजार बारच्या वर दाब जातो. देवास नाक्याकडे ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) लावून तपासणारा कुणी भरवशाचा ऑटो इलेक्ट्रिशियन माहीत असेल तर कृपया सांगा.