एसटीआय (इंटरप्ट चालू करणारी सूचना) केल्यावर कर्नल रीसेट होतो: ग्रब बूटलोडर प्रोसेसर नेमका कोणत्या अवस्थेत सोपवतो?

प्रश्न
३२-बिट मल्टिबूट (बूटलोडर आणि कर्नल यांच्यातला ठरलेला करार, पहिली आवृत्ती) कर्नल. स्वतःची जीडीटी (सेगमेंटच्या नोंदींचे टेबल) लोड केली आहे: ०८ कोड, १० डेटा (हेक्स). आयडीटीत (इंटरप्ट आल्यावर कुठे जायचे ते सांगणाऱ्या टेबलात) सध्या फक्त टायमरचे ३२ क्रमांकाचे गेट (नोंद). ग्रबमधून बूट केला की एसटीआयनंतर लगेच रीसेट. क्यूईएमयू एम्युलेटरला तोच कर्नल थेट दिला तर मात्र व्यवस्थित चालतो. ग्रबकडून काय गृहीत धरायचे?

उत्तर १
हमी एवढीच: प्रोटेक्टेड मोड चालू, पेजिंग बंद, ए२० (१ एमबीच्या वरच्या मेमरीसाठी लागणारी पत्त्याची ओळ) चालू, आयएफ शून्य (इंटरप्ट बंद), ईएएक्स रजिस्टरमध्ये २बीएडीबी००२ (हेक्स), ईबीएक्समध्ये माहितीच्या रचनेचा भौतिक पत्ता. सेगमेंट ० पासून ४ जीबीपर्यंत सपाट, पण सिलेक्टरचे (जीडीटीतली नोंद दाखवणारे) आकडे ठरलेले नाहीत. ईएसपी (स्टॅकचा पत्ता), जीडीटीआर, आयडीटीआर (दोन्ही टेबलांचे पत्ते) यांचा भरवसा नाही. म्हणून पहिल्याच ओळीत स्वतःचा स्टॅक लावा, आणि त्यात ईएएक्स पुसू नका.

पीआयसी (इंटरप्ट कंट्रोलर) रीमॅप केला आहे ना, म्हणजे त्याचे क्रमांक बदलले ना? नसेल तर टायमर ८ व्या व्हेक्टरवर (इंटरप्टच्या क्रमांकावर) येतो, म्हणजे डबल फॉल्टच्या (एक चूक हाताळताना दुसरी) जागी, आणि तिथे तुमचे गेटच नाही.

उत्तर २
पीआयसी नसावा, तसे असते तर क्यूईएमयूतही पडला असता. एलजीडीटीनंतर (जीडीटी लोड करणाऱ्या सूचनेनंतर) फार जंप (far jump, सीएसही बदलणारी उडी) केली का? एलजीडीटी फक्त टेबलाचा पत्ता बदलते, सीएस (कोड सेगमेंटचे रजिस्टर) जुनाच राहतो. ग्रब सीएस १० ठेवून येतो, क्यूईएमयूचा लोडर ०८. सीएसच्या लपलेल्या भागात जुना डिस्क्रिप्टर असतो, त्यामुळे कोड बिनबोभाट चालत राहतो. इंटरप्ट आला की स्टॅकवर १० जाते, आयरेट (इंटरप्टमधून परतण्याची सूचना) ते परत उचलते, आणि तुमच्या टेबलात १० म्हणजे डेटा. तिथे जनरल प्रोटेक्शन (१३ क्रमांकाची चूक). १३ चे गेट नाही, ८ चेही नाही, म्हणून ट्रिपल फॉल्ट, म्हणजे रीसेट.

क्यूईएमयूतच ग्रबची आयएसओ बूट करा, इंटरप्टचा लॉग घ्या, रीबूट बंद ठेवा. हार्डवेअर इंटरप्ट २० (हेक्स, म्हणजे ३२) नंतर ०डी (म्हणजे १३) आणि एरर कोड ००१० दिसला, तर हेच.

प्रश्नकर्ता
अगदी तेच, एरर कोड ००१०. फक्त डीएस, ईएस, एसएस (डेटा आणि स्टॅकचे सेगमेंट) बदलले होते. ०८ वर फार जंप घातली, आता टिक (टायमरचा इंटरप्ट) येतो. पण एकदाच.

उत्तर १
हँडलरमध्ये २० नंबरच्या पोर्टवर २० लिहा (दोन्ही हेक्स). ही ईओआय (इंटरप्ट हाताळून झाल्याची खूण) मिळेपर्यंत पीआयसी पुढचा टिक देत नाही. आणि ० ते ३१ गेट आधी भरा, नुसते एचएलटी (प्रोसेसर थांबवणारी सूचना) असले तरी पुरे. पुढची चूक निदान जागेवर थांबेल.