बाईचा हार्ट अटॅक 'गॅस' म्हणून किती दिवस सोडणार?

तापीकाठ:
गेल्या दिवाळीनंतर मावशी (वय ५८, चोपडा तालुका) कापूस वेचता वेचता बांधावर बसली. जबडा दुखतोय, मळमळतंय, अंगाला दरदरून घाम. घरच्यांनी ओवा दिला, गावातल्या डॉक्टरांनी गॅसची गोळी. ईसीजी निघाला दुसऱ्या दिवशी, जळगावला. तोवर अटॅक येऊन गेला होता. बाईचा अटॅक वेगळा दिसू शकतो, हे गावोगाव सांगायला हवं.

फैजपूरकर:
वाईट झालं ताई. पण 'बायांना छातीत दुखत नाही' असं पसरायला नको. बायांमध्येही छातीचं दुखणं हेच मुख्य लक्षण; सोबत जबडा, पाठ, मळमळ, दम लागणं पुरुषांपेक्षा जास्त वेळा दिसतं, एवढंच. आणि मरतात आधी पुरुष. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात (२००४) बायांना पहिला अटॅक साधारण ९ वर्षं उशिरा आला. आमच्याकडे चाळिशीतले गडी गेलेत, तंबाखू मळता मळता. आधी तिकडे बघा.

तापीकाठ:
छातीत दुखत नाही असं मी लिहिलंच नाही, भाऊ. मावशीला नंतर विचारलं तर म्हणाली, "दुखत नव्हतं गं, छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटे." तेव्हा कोणी विचारलंच नाही. आणि उशिरा येतो म्हणजे सूट नाही. पाळी गेली की धोका चढत जातो. साखर असेल तर तो बाईला पुरुषापेक्षा जास्त पटीनं वाढतो. मावशीला साखर आहे, वर रोजची मिश्री.

फैजपूरकर:
मिश्री सोडवा, हे पटलं. पण मे महिन्यात ४५ अंशात अर्धं गाव घाम आणि मळमळ घेऊन येतं. प्रत्येकाचा ईसीजी काढणार?

धुळ्याची सिस्टर:
प्रत्येकाचा नाही. पंचेचाळिशी ओलांडलेली, साखर किंवा बीपी असलेली बाई असा त्रास सांगत आली तर काढायचाच. पाच मिनिटांचं काम आहे. पहिला नॉर्मल आला आणि त्रास थांबला नाही तर पुन्हा काढायचा. ट्रोपोनिनच्या (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) नव्या, जास्त संवेदनशील तपासणीत बायांची मर्यादा पुरुषांपेक्षा खाली धरतात. दोघांना एकच आकडा लावला तर काही बाया निसटतात. अँजिओग्राफीत मोठ्या नसा मोकळ्या दिसल्या म्हणूनही निर्धास्त होऊ नये, बारीक नसांचा आजार बायांमध्ये जास्त आढळतो. बाकी उशीर घरीच होतो. गुरांना चारा, मग चूल, मग दवाखाना. वॉर्डात हे रोज ऐकते.
तापीकाठताई, मावशींना बाळंतपणात बीपी वाढलं होतं का, विचारा. तसं झालेल्या बाईला पुढे हृदयाचा धोका जास्त असतो.

तापीकाठ:
आताच फोन केला. धाकट्याच्या वेळी पाय सुजले होते, झटकेही आले होते. तीस वर्षांत एकाही डॉक्टरनं हे विचारलं नव्हतं. आता तिच्या सुनेला सातवा महिना आहे, तिचं बीपी उद्याच मोजून घेते.