एलएलबी संपत आली, ड्राफ्टिंग शिकायचं कुठे?

नवा_कोट: शेवटचं वर्ष आहे. आमच्याकडे ड्राफ्टिंगच्या (दावे, अर्ज, नोटिसा लिहिण्याच्या) पेपरला सर नमुने डिक्टेट करतात. मूट कोर्टचं (सरावाच्या लुटुपुटूच्या खटल्याचं) जर्नल सीनियरकडून आणून उतरवायचं. वकालतनामा, म्हणजे पक्षकार वकिलाला देतो ते अधिकारपत्र, अजून हातात घेतलेला नाही. प्रत्यक्ष काम कुठे शिकू?

जुनी_फाईल: बार कौन्सिलचे 2008चे नियम बघ. तीन मूटना 30 गुण, कोर्टात बसून दोन खटले पाहण्याला 30, पक्षकाराची मुलाखत आणि पूर्वतयारीला 30, तोंडीला 10. कागदावर सगळं आहे हो, राबवतंय कोण!

मी ज्युनियरना पहिली फाईल चेक बाउन्सची देते, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टचं कलम 138. बँकेचा रिटर्न मेमो (चेक वटला नाही असं सांगणारा कागद) मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यावर पैसे द्यायला 15 दिवस, मग महिन्याभरात तक्रार. तारखा सगळे घडाघडा म्हणतात. मग मी परत आलेल्या नोटिशीचं पाकीट पुढे करते, त्यावर पोस्टमनचा शेरा: ‘दार बंद’. आता 15 दिवस कधीपासून मोजायचे? तिथे पुस्तक उघडलं जातं.

नवा_कोट: पण कोर्टात नुसतं बसू देतात का?

जुनी_फाईल: देतात की, खुलं न्यायालय असतं. मागच्या बाकावर बस, मोबाइल बंद ठेव. आदल्या रात्री ई-कोर्ट्सच्या साइटवर बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) बघून पुराव्याच्या टप्प्यावरचं प्रकरण निवड, नाहीतर दिवसभर नुसत्या तारखाच ऐकशील.

तालुका_बार: आणि बेलिफाशी, म्हणजे समन्स बजावणाऱ्या कोर्टाच्या माणसाशी, ओळख कर. समन्स का परत येतं ते त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.